माझ्या पोटातलं लुगडं

मी गोधडी आहे. शहापूर तालुक्यातल्या एका पडवीत माझा जन्म झाला, आणि आज मी बोलणार आहे. मधे कुणी तोंड घालायचं नाही. आजवर माणसं माझ्यावर लोळून, मला पांघरून, माझ्यावर चहा सांडून पुष्कळ बोलली. मी ऐकून घेतलं. आता माझी वेळ आहे.

आधी एक सांगून ठेवते. चिंध्यांची आहे म्हणून मला बघून नाक मुरडू नका. दुकानातल्या ब्लँकेटला विचारा, तुझं कोण आहे? ते गप्प बसेल. मला विचाराल तर मी चौदा घरांची नावं सांगेन, आणि कोणाच्या शर्टाचं बटण कुठल्या भांडणात तुटलं तेही सांगेन.

मला शिवायला घेतलं सावळाबाईनं. वय अडुसष्ट. शाळेत दुसरीपर्यंत गेलेली, पण पेपर पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचते आणि पेपरवाल्यांच्या चुका काढते. नाकावर माशी बसू देत नाही. मुलगा रूपेश आणि सून वंदना दोघं तिला वचकून असतात, आणि ते बरंच आहे.

तिचं माहेर मुरबाडच्या पुढे, माळशेजच्या रस्त्यावर, टोकावड्याला. तिथे आता तिचा धाकटा भाऊ महादू राहतो. जानेवारीत महादूची मुलगी संघरत्ना हिचा फोन आला. पोरगी नर्स आहे, बोलणं इंजेक्शनसारखं, टोचतं आणि संपतं.

"आत्या, फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी सगळ्यांनी टोकावड्याला जमायचं. आजी-आजोबांची सगळी पिल्लावळ. चौदा घरं. कुणी सुटता कामा नये."

"सगळी म्हणजे?"

"सगळी. रखमीआत्यापण."

सावळाबाईनं फोन दुसऱ्या कानाला लावला. "ती येतेय?"

"येते म्हणाली. पण अट घातलीय. टोकावड्याला आजीचं लुगडं तिच्या हातात पडेल, असा शब्द पाहिजे. नायतर मुरबाडच्या बाहेर पाऊल टाकणार नाय म्हणते."

"आणीन," सावळाबाई म्हणाली. "शब्द दिला म्हणून सांग तिला."

हे लुगडं काय प्रकरण आहे ते सांगते, कारण त्याच्यावाचून माझी गोष्टच नाही.

सावळाबाईची आई भीमाबाई. छपन्न सालानंतर त्यांच्या गावात धम्मदीक्षा झाली, त्या दिवशी तिनं नेसलेलं ते लुगडं. पांढरं, निळ्या काठाचं, नऊवार. पुढे जन्मभर ती ते फक्त चौदा एप्रिलला नेसायची. अकरा वर्षांपूर्वी ती गेली, आणि मोठी रखमी व धाकटी सावळी, दोघी लेकी लुगड्याला दोन बाजूंनी धरून बसल्या. शेवटी महादूनं तोड काढली. एक वर्ष सावळीकडे, एक वर्ष रखमीकडे.

पहिलं वर्ष सावळीचं झालं. वर्ष संपल्यावर रखमीनं मुलाला पाठवलं, अनिकेतला. सावळी म्हणाली, "आईचं लुगडं आहे, कुरिअर नाय. तिनं स्वतः यावं." रखमी म्हणाली, "मी मोठी. तिनं आणून द्यावं." झालं. शहापूर ते मुरबाड एसटीनं तास-दीड तासाचा रस्ता. दहा वर्षं तो दोघींपैकी एकीनंही ओलांडला नाही. महादूच्या घरीसुद्धा एक आली की दुसरी येत नसे.

संघरत्नानं फोनवर आणखी एक गोष्ट सुचवली होती. प्रत्येक घरातून एक जुना कपडा मागवायचा आणि त्यांची एक गोधडी करायची, सगळ्या कुळाची. सावळाबाई म्हणाली, "पोरी, तुला अक्कल आहे. तुझ्या बापाला नव्हती." तिथून माझी सुरुवात झाली.

कपडे यायला लागले. कसाऱ्याला रेल्वेत असलेल्या भाच्याचा निळा शर्ट आला, त्याला अजून ग्रीसचा वास होता. कुणाचा शाळेचा गणवेश, कुणाचं झबलं, संघरत्नाचा पांढरा कोट. कल्याणच्या भाच्यानं क्रिकेटची जर्सी पाठवली. नायलॉनची. आमच्या जातीला नायलॉन मानवत नाही. सुईखालून घसरतं, आणि स्वतःला शहाणं समजतं. तरी घेतलं. कुळात असा एखादा असतोच.

तेरा घरांचे आले. रखमीच्या घराचा आला नाही.

"तिची जागा मोकळी ठेवायची," सावळाबाईनं जाहीर केलं.

"गोधडीला भोक?" कमळाबाई म्हणाली.

"भोक नाय, जागा. तिची ती तिचीच."

कमळाबाई आणि रंगू या सावळाबाईच्या मैत्रिणी. तिघींची घरं लागून, भांडणं सामाईक. दुपारची भांडी झाली की तिघी पडवीत यायच्या, मला पसरायच्या, चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवायच्या आणि तीन बाजूंनी बसून शिवायच्या. कडेकडेनं सुरू करून मधे यायचं, अशी आमची रीत. सगळ्यात तळाला अस्तर, मधे पोटाचा थर, वर तुकडे. पोटाला जुनं सुती लुगडं लागतं, धुऊन धुऊन लोण्यासारखं झालेलं. पोट चांगलं तर गोधडी चांगली. माणसाचंही तेच आहे.

तळाचं अस्तर रंगूनं दिलं, स्वतःचं हिरवं लुगडं. "माझ्या लग्नानंतरचं तिसरं," ती अभिमानानं म्हणाली.

"पहिली दोन कुठं गेली?"

"पहिलं सासूनं घेतलं. दुसरं म्हशीनं खाल्लं."

मग तासभर त्या म्हशीची गोष्ट चालली. शिवण कमी आणि हसणं जास्त. कमळाबाईचे टाके मुंग्यांच्या रांगेसारखे, बारीक, एकामागं एक. रंगूचे म्हणजे एसटीचे थांबे, एक इथं तर दुसरा पार पुढच्या गावात. सावळाबाई ओरडायची, "रंगे, या टाक्यातून माझा पाय जाईल गो." रंगू म्हणायची, "मग जाऊ दे. पायाला बी वारा लागतो." त्या हसण्यातच माझ्या अस्तराची कड शिवली गेली. म्हणून मी अजून जरा वाकडी आहे.

आता घोटाळा कसा झाला तो ऐका.

एका मंगळवारी सावळाबाईनं पेटीतून आईचं लुगडं काढलं. रखमीला द्यायचं तर ऊन दाखवून द्यावं, पेटीचा वास जावा, म्हणून पडवीतल्या बाजेवर पसरलं आणि दोरा आणायला शहापूरच्या बाजारात गेली. वंदना अंगणवाडीत. घरात कुणी नाही.

नेहमीच्या वेळेला रंगू आणि कमळाबाई आल्या. बघतात तर बाजेवर जुनं, मऊ, पांढरं सुती लुगडं, आणि शेजारी चिंध्यांचं गाठोडं. गोधडी शिवणारीच्या डोळ्याला त्यात दुसरं काय दिसणार? दुसरी कुणी बाई असती तर तिनं घडी करून ठेवलं असतं. रंगूनं बोटांनी चोळून बघितलं आणि म्हणाली, "सावळीनं पोटाला काढलं वाटतं. कसलं लोणी हाय बघ."

आणि फाडलं. टर्र, टर्र. नऊवाराचे तीन तुकडे. माझ्या तळावर एकावर एक अंथरले, कडेला तुकडे लावले, आणि हौसेनं तीन बाजू शिवून काढल्या. सावळीला आल्यावर आश्चर्य वाटावं म्हणून त्या दिवशी रंगूनं टाकेसुद्धा जवळजवळ घातले होते.

सावळाबाई दोऱ्याची रिळं घेऊन आली. पायरीवरच थांबली.

मी तिचं तोंड खालून बघत होते. ते मी विसरणार नाही. ती ओरडली नाही. तिथंच पायरीवर बसली आणि म्हणाली, "रंगे, ते आईचं."

रंगूच्या हातातली सुई तशीच राहिली. कमळाबाईनं तोंडाला पदर लावला.

"मला काय ठाव गो?" रंगू रडकुंडीला आली. "चाळीस वर्षं शेजारी हाय, एकदा तरी दाखवलं का तू? पेटीत दडवून ठेवलंस. मला काय सपान पडणार?"

सावळाबाईनं रिळं खाली ठेवली.

संध्याकाळी वंदनानं उपाय काढला. "आई, कल्याणला तसंच निळ्या काठाचं मिळेल. दहा वेळा धुऊ, जुनं दिसेल. त्यांना कळणार नाय."

सावळाबाई म्हणाली, "आईचं लुगडं कल्याणला मिळत असतं तर आमी दोघी अकरा वर्षं भांडलो नसतो."

"मग उसवू या. तीन तुकडे तरी हातात देता येतील."

"फाटकं हातात ठेवू तिच्या? प्रेतावरचं काढल्यासारखं?" ती उठली, माझ्याजवळ आली आणि पोटाच्या थरावर हात फिरवत काहीतरी शोधायला लागली. एका जागी बोट थांबलं. तिथं रुपयाएवढी रफू होती, निळ्या दोऱ्याची. ती जागा तिनं खडूनं आखली आणि मैत्रिणींना सांगितलं, "रखमीची मोकळी जागा इथं येऊ दे. बाकीचे तुकडे सरकवा."

कारण कुणी विचारलं नाही. सरकवले.

जायच्या दिवशी सकाळी रूपेशनं गाडी काढली, तर मागच्या सीटवर रंगू आधीच बसलेली. नवं पातळ, डोक्याला तेल.

"तू कुठं?" सावळाबाईनं विचारलं. "आमच्या कुळाचा मेळावा आहे."

"माझं लुगडं हाय ना तळाला. म्हणजे मी बी कुळात. आणि फाडलं मी, तर शिव्या तू एकटी खाणार? मला बी थोड्या पाहिजेत."

सावळाबाईनं तिला सरकायला लावलं. गाडीत बसताना मात्र तिनं मला दोघींच्या मांडीवर पसरलं. किन्हवली मागं पडली, सरळगावचा नाका आला, तिथून गाडी माळशेजच्या रस्त्याला लागली. समोर डोंगर उभे राहिले. रंगू म्हणाली, "तुझं माहेर बरं हाय. तू अशी का मग?" रूपेश हसला आणि आरशातून आईनं त्याला गप्प केलं.

टोकावड्याला महादूच्या अंगणात मांडव घातला होता. मोहोर आलेल्या आंब्याखाली सतरंज्या. चुलीवर गावठी कोंबडी, वालाचं बिरडं, तांदळाच्या भाकऱ्यांची चळत. पोरं, बायका, मोबाइल धरून फिरणारे जावई. मला सतरंजीवर पसरलं आणि क्षणात माझ्यावर सगळे तुटून पडले.

"हा माझा गणवेश. इथं शाईचा डाग बघ."

"आणि हे तुझं झबलं. यात तू काय काय केलंयस ते सांगू का सगळ्यांना?"

जर्सीवाला भाचा येऊन म्हणाला, "आत्या, माझाच तुकडा का गोळा झालाय?" सावळाबाई म्हणाली, "तू तरी कुठं सरळ बसतोस?"

मला इतकी माणसं एकदम ओळखतील असं वाटलं नव्हतं. मी फुलले. पण मोकळी जागा झाकायला सावळाबाईनं माझ्या मधोमध पानाची चंची ठेवली होती आणि ती तिथून हलत नव्हती.

अकराच्या सुमाराला अनिकेत रिक्षानं आईला घेऊन आला. रखमी. बहात्तर वर्षांची, उंच, हातात काठी; टेकायला कमी, दाखवायला जास्त. मांडवात आली नाही. कुंपणाजवळच्या बाजेवर बसली. महादू पाया पडला, पोरं पाया पडली. तिनं पाण्याचा तांब्यासुद्धा बाजूला ठेवला.

"लुगडं आणलंय का ते आधी विचारा तिला."

सगळा मांडव कुंपणाकडे वळला. चुलीवरचं कालवण तेवढं बोलत होतं.

सावळाबाईनं माझी घडी घातली, मला दोन्ही हातांवर घेतलं आणि कुंपणापर्यंत चालत गेली. दहा वर्षांत पहिल्यांदा. तीसच पावलं होती, पण मी तिच्या छातीशी होते, मला माहीत आहे किती लांब होतं ते.

"घे ताई."

"हे काय? मला गोधडी नको. घरात पाच आहेत."

"उलगड तरी."

रखमीनं काठी बाजूला ठेवली आणि मला उलगडलं. तेरा घरांचे तेरा तुकडे, आणि मधोमध मोकळा चौकोन. चौकोनात पांढरं, त्यावर निळी रफू. तिचा अंगठा तिथं गेला आणि तिथंच राहिला.

"हे चुलीतल्या निखाऱ्यानं जळलेलं," ती हळू म्हणाली. "मी वाळत घातलं होतं, चुलीपाशी. आईनं मला झोडपलं, मग रात्रीत रफू केली." मग तिचा आवाज चढला. "फाडलंस. आईचं लुगडं फाडलंस तू."

"फाडलं."

"तिनं नाय," मागून रंगू आली. "मी फाडलं. ती बाजारात गेलेली. मला वाटलं पोटाला काढलंय."

"तू कोण?"

"चाळीस वर्षांची शेजारीण. मुरबाडच्या बाईंनी शिव्या द्यायच्या तर मला द्याव्यात."

"चाळीस वर्षं शेजारी राहून तुला हे लुगडं कळलं नाय? चौदा एप्रिलला मिरवत असेल ना ही नेसून?"

"कुठं नेसते? मी कदी बघितलंच नाय. बघितलं असतं तर फाडलं असतं का?"

रखमीनं बहिणीकडे पाहिलं. "नेसली नायस?"

"पहिल्या वर्षी नेसले, इथं टोकावड्याला," सावळाबाई म्हणाली. "माझं वर्ष होतं."

"आणि मग दहा वर्षं?"

"मग तुझं वर्ष होतं. ते झालंच नाय अजून. मी कशी नेसणार?"

रखमी, जी दहा वर्षं गावभर सांगत होती की सावळी आईचं लुगडं नेसून मिरवते, ती खाली माझ्याकडे बघत बसली. मोकळ्या चौकोनावर एक थेंब पडला. माझ्यावर पुष्कळ काही सांडलंय, पण हे वेगळं होतं.

मग ती नाक ओढून म्हणाली, "हे टाके कोणाचे? कुत्रं पळाल्यासारखे?"

"माझे," रंगू म्हणाली.

"दिसतंय. सुई आण गो संघे."

संघरत्ना सुई-दोरा घेऊन धावत आली, हळूच म्हणाली, "आत्या, तुमच्या घराचा तुकडा तेवढा राहिलाय. मधे लावायला."

रखमीनं कनवटीची पिशवी काढली. आत वर्तमानपत्रात गुंडाळलेला तुकडा होता, तिच्या गेलेल्या नवऱ्याच्या शर्टाचा, बारीक चौकड्यांचा. म्हणजे घरातून निघतानाच घेतला होता. अटीबिटी घालणारी ही बाई. सुंभ जळतो, पीळ जळत नाही, पण सुंभ जळतो हेही खरं.

तुकडा चौकोनावर ठेवून बघितला. बरोब्बर बसत होता. रफू झाकली गेली. तिनं तो उचलला.

"नाय. ही जागा भरायची नाय. दिसू दे ती." आणि तिनं शर्टाच्या चार पट्ट्या फाडल्या. "याची चौकट करू."

बाजेवर एका बाजूला रखमी, एका बाजूला सावळी, आणि पायथ्याला रंगू, तिला फक्त दोरा ओवायची परवानगी. शेवटची बाजू शिवायची राहिली तेव्हा सावळाबाईनं महादूकडून भाताचे दाणे मागवले. उपाशीपोटी गोधडी मिटवायची नाही, अशी आमच्याकडची रीत. चार दाणे एकीनं घातले, चार दुसरीनं, लुगड्याच्या दोन तुकड्यांच्या मधे. मग शेवटचा टाका कोणी घालायचा यावरून भांडण झालं. ते मी सांगत नाही, त्यात दोघींची शोभा नाही. अर्धा अर्धा घातला, एवढंच सांगते.

जेवायला दोघी एका पंगतीला बसल्या. रखमीनं रंगूला कोंबडीची तंगडी वाढली आणि म्हणाली, "खा. हात भरायला पाहिजे तुझा, टाके सुधारतील."

आता माझी सध्याची स्थिती.

त्या संध्याकाळी निघताना मी कुणाकडे जायचं हा प्रश्न आला. दोन-दोन महिने ठरले, आणि पहिले दोन रखमीचे, कारण तिचं वर्ष थकलं होतं. पण दोन महिने झाले की कोण कोणाकडे येणार? "मी मोठी." "मी आज तीस पावलं चालले." महादूनं डोक्याला हात लावला. शेवटी ठरलं, मधे भेटायचं, सरळगावच्या नाक्यावर. तरी सावळाबाईची कुरकुर चालू, की मुरबाड जवळ आणि शहापूर लांब.

एप्रिलच्या सुरुवातीला नाक्यावर माझी पहिली अदलाबदल झाली. एका एसटीतून रखमी, दुसरीतून सावळी, बरोबर रंगू. चहाच्या टपरीवर मला उलगडून तपासलं, डाग मोजले, एकमेकींच्या घरच्या धुण्याला नावं ठेवली. त्या चौदा एप्रिलला मी शहापूरला विहारात गेले. सावळाबाईनं मला खांद्यावर घेतलं होतं, मोकळा चौकोन बाहेर. लोकांनी विचारलं, तिनं प्रत्येकाला सांगितलं. आता लुगडं पेटीत दडलेलं नाही.

आणि आज, जूनला दोन दिवस राहिले आहेत, पुन्हा तोच नाका. कडक ऊन. या उकाड्यात गोधडी कुणाला लागते? कुत्रंसुद्धा माझ्यावर बसणार नाही. तरी दोघी वेळेआधी हजर. रंगूनं कैऱ्या आणल्यात, तिखट-मीठ लावून. तीन तास झाले. महादूच्या गुडघ्यापासून अनिकेतच्या लग्नापर्यंत सगळं झालं. मी पिशवीतच आहे.

मघाशी मुरबाडची एसटी लागली तेव्हा रखमी उठली आणि तशीच निघाली.

"ताई, गोधडी?"

"राहू दे गो तुझ्याकडे. गरमी आहे."

"मग आलीस कशाला?"

रखमीनं काठीनं एसटी थांबवली, पायरीवर चढली आणि वळून म्हणाली, "कैऱ्या खायला." एसटी गेली.

मला राग आला नाही. गोधडीला न उलगडता कुणी परत नेलं, तर ऊब कुठूनतरी दुसरीकडून मिळाली असं समजावं.

तुमच्याही पेटीत असं काही असेल. काढा बाहेर, वारा लागू द्या. फाटलं तर शिवता येतं. आणि रंगूसारखी शेजारीण असेल तर फाटण्याचीसुद्धा सोय होते. बरं, येते मी. शहापूरची एसटी लागली, आणि सावळाबाई मला काखेत मारून खिडकीची जागा धरायला धावतेय.